उणे दोन

मी ऑर्केस्ट्राचा निवेदक. "रसिकहो, हा जनसागर पाहून शब्द थिटे पडतात" असं मी म्हणतो तेव्हा समोर चार टेबलं आणि एक कंटाळलेला वेटर असतो. माझ्या शब्दाला बाजारात काय किंमत आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. पण वैजूवहिनीच्या कानाची गोष्ट मी पदरचं काही न घालता सांगणार आहे, कारण तिच्यात घालायला जागाच नाही.

वैजूवहिनी म्हणजे वैजयंती मगदूम, आमच्या 'नादपंचगंगा ऑर्केस्ट्रा'ची गायिका. तिचा नवरा निवास आमचा कीबोर्डवाला. मी उत्तम सुतार, दोघांचा जुना मित्र. त्यांच्या लग्नातही माईक माझ्याच हातात होता आणि तो सोडत नाही म्हणून भटजी माझ्यावर चिडले होते. कोल्हापुरात वहिनीचं नाव घेतलं की पाठोपाठ 'काळी पाच' हे शब्द येतात. पेटीवरची पाचवी काळी पट्टी. तिथं सा धरून तासनतास गायचं म्हणजे चेष्टा नाही. विशीत ती तिथून गायची आणि पन्नाशी ओलांडल्यावरही तिथूनच गाते, अशी तिची ख्याती. 'पैंजण ठेव उंबऱ्याशी' हे तिचं हुकमी गाणं, चाल निवासचीच. त्याच्या शेवटच्या कडव्यात ती वरच्या पंचमावर जाऊन थांबायची, तेव्हा तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावलेला माणूस वाटी तशीच धरून बसायचा.

आणि दर कार्यक्रमात मी ओरडायचो, "काळी पाचची राणी, वैजयंती मगदूम!"

ते खोटं होतं, आणि हे वहिनी सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

झालं असं होतं, की काही वर्षांपूर्वी तिचा तो पंचम निसटायला लागला. वय झालं की गळा जड होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळेच पट्टी उतरवतात. पण आमच्या आधीच्या गायिकेनं पट्टी उतरवल्यावर लोकांनी तिला कसं हसून घालवलं ते वहिनीनं पाहिलं होतं. ती म्हणायची, "ज्या दिवशी काळी पाच सुटंल त्या दिवशी मी माईक ठेवणार. उगं कीव म्हणून टाळ्या नकोत मला." ती बोलते ते करते. मग निवासनं एक दिवस गुपचूप ट्रान्स्पोजचं बटण दाबलं. कीबोर्डवर हे बटण असतं. ते उणे एकवर नेलं की बोटं त्याच पट्ट्यांवर पडतात, पण सूर अर्ध्या स्वरानं खाली निघतो. गिटारवाल्याला त्यानं बाजूला घेऊन समजावलं. पुढं उणे एकचं उणे दोन झालं. म्हणजे काळी पाच म्हणून वहिनी जे गात होती ती काळी चार होती.

तिला कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. अहो, नुसता सूर ऐकून त्याचं नाव सांगणारा कान एखाद्याचाच. बाकी आपण सगळे शेजारच्या सुराला धरून गातो. शेजारीच खाली उतरला तर आपण त्याच्याबरोबर उतरतो. शिवाय जन्मभर स्पीकरच्या बाजूला उभं राहून तिचे कान निम्मे गेले होते. राहता राहिला कीबोर्डच्या छोट्या पडद्यावरचा '-2' हा आकडा. त्यावर निवासनं अंबाबाईचा स्टिकर चिकटवला. कार्यक्रमाआधी वहिनी त्या स्टिकरला हात लावून नमस्कार करायची. तेवढा वेळ आम्ही सगळे मांडवाच्या छताकडे बघत असायचो.

हे असंच चाललं असतं. पण कानाचं इंजेक्शन आलं.

त्या सुमारास शहरात जो तो कान उगवून घेत होता. वहिनीचाही नंबर लागला. दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टर शिकलगार नावाच्या बाई होत्या, तरुण, हसऱ्या. त्यांनी टेबलावरचं कानाचं मॉडेल उघडून दाखवलं.

"हा आतला शंख. ह्यात बारीक केसांच्या पेशींची रांग असते. एका टोकाला जाड सुरांच्या पेशी, दुसऱ्या टोकाला बारीक सुरांच्या. आवाजानं, वयानं त्या मरतात आणि माणसाच्या मेल्या की मेल्या. कोंबडीच्या मात्र पुन्हा उगवतात. कोंबडीला जमतं ते आपल्याला का जमत नाही, ह्याचं बटण शोधायला शास्त्रज्ञांना दोन पिढ्या लागल्या. ते बटण आपल्यातही आहे, फक्त बंद असतं. इंजेक्शन ते चालू करतं."

"कोल्हापुरात कोंबडीचा असा उपयोग कुणी केला नव्हता," मी म्हणालो. डॉक्टर हसल्या. वहिनीनं मला कोपर मारलं.

"पेशी उगवायला महिना लागतो," डॉक्टर पुढं म्हणाल्या, "पण खरं काम त्यानंतरचं. नवी पेशी मेंदूला सांगते, सूर आला. कुठला सूर, ते मेंदूला माहीत नसतं. म्हणून औषध मेंदूचा तो भाग आठवडाभर लहान मुलासारखा करतं. त्या आठवड्यात जे कानावर पडेल ते तो खरं मानतो आणि पक्कं करतो. ओल्या स्लॅबवर पाय पडला की ठसा राहतो ना, तसं. साध्या माणसाला घरातल्यांचे आवाज पुरतात. तुम्ही गाणाऱ्या आहात, तुमची मोजपट्टी तुमचा गळा आहे. रोज सकाळी घरच्या वाद्यावर तुमची आयुष्यभराची पट्टी लावा आणि गा. गळा आणि वाद्य मिळून कानाला शिकवतील. ह्याचा एक फायदाही आहे. आठवड्यानंतर प्रत्येक सूर तुम्हाला माणसाच्या तोंडासारखा ओळखू येईल."

मग त्यांनी निवासला विचारलं, "वाद्य सुरात आहे ना?"

"एकदम सुरात हाय," निवास म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. कीबोर्ड सुरातच होता. उणे दोनची गोष्ट त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलीच नाही, आणि शेजारी बसून माझ्याही आली नाही. इतकी वर्षं वापरलेलं खोटं फडताळातल्या डब्यासारखं होऊन जातं. समोर असतं, पण दिसत नाही.

कानाचा आठवडा नेमका 'रातराणी'च्या आठवड्यात आला. दर हिवाळ्यात शहरातले हॉटेलवाले मिळून हा सप्ताह भरवतात. सोमवार ते रविवार, संध्याकाळी दिवे लागले की ठिकठिकाणी गाणं सुरू. शाहूपुरीतल्या थाळीच्या हॉटेलात गझल, राजारामपुरीतल्या कॅफेत सॅक्सोफोन वाजवणारी पोरं, बंद पडलेल्या एका टॉकीजमध्ये रॅप, आणि रंकाळ्याकाठच्या मोठ्या गच्चीवर आम्ही, जुनी मंडळी. लोक एकीकडे सूप पिऊन दुसरीकडे जेवायला आणि तिसरीकडे पान खायला, असे गाणी ऐकत हिंडतात. दहाला सगळं बंद. नव्या कानाच्या माणसांनी मनगटाला हिरवा बँड बांधायचा आणि स्पीकरपासून लांब बसायचं, हा अलीकडचा नियम. त्या वर्षी बघावं तिकडे हिरवी मनगटं होती. वहिनीच्या मनगटावरही बँड होता. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली होती, आवाज बेताचा ठेवायच्या अटीवर.

सोमवारी ती लहान पोरीसारखी खूश होती. रंकाळ्याचं पाणी पायरीला लागताना ऐकू येतं, म्हणाली. शेगडीवरचा कांदा तडतडताना ऐकू येतो. "आणि भावजी, माईक बंद असला की तुम्ही केवढ्यानं श्वास घेता हो! रेडा मागं उभा हाय असं वाटतं."

सगळे हसले. निवास तर तिच्याकडे असं बघत होता, की बघून मलाच लाजल्यासारखं झालं.

बुधवारी चहा पिताना ती त्याला म्हणाली, "तुझा आवाज बारीक का यायलाय?"

"कुठं बारीक?"

"हे बघ, आत्तापण. कुणीतरी तुझी नक्कल करायलंय असं वाटतं."

"नवा कान हाय. बसंल हळूहळू," निवास म्हणाला.

पण कान बसण्याऐवजी उलटंच चाललं होतं. मुलीचा पुण्याहून फोन आला तर हिनं विचारलं, "सर्दी झालीय का गं तुला? अशी किनरी का बोलतीस?" देवळाची घंटा तिला पत्र्यासारखी वाटू लागली. फक्त सकाळी घरी तोच कीबोर्ड लावून गाताना आणि संध्याकाळी आमच्याबरोबर स्टेजवर असताना तिला जग जागच्या जागी वाटायचं. म्हणून ती सकाळचा रियाज वाढवत गेली. जेवढं जास्त गाईल तेवढा कान लवकर बसेल, असा तिचा हिशोब.

गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रमाआधी गच्चीच्या मालकानं कौतुकानं वहिनीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, तिच्या उमेदीतलं, 'पैंजण ठेव'चंच. वहिनी ऐकत उभी राहिली आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

"हे कोण म्हणतंय?"

"वहिनी, तुम्हीच की," मी म्हणालो.

"न्हाई. ही मी न्हवं. कुणीतरी स्पीड वाढवलंय, नाहीतर दुसरी कुणीतरी हाय. असला आवाज कधी होता माझा?"

मी निवासकडे बघितलं. तो कीबोर्डसमोर बसला होता आणि त्याची नजर अंबाबाईच्या स्टिकरवर होती. त्याच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. ते रेकॉर्डिंग खऱ्या काळी पाचमधलं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघंच डॉक्टरांकडे गेलो. निवासनं सगळं सांगितलं. मान वर न करता सांगितलं. डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. टेबलावरचं कानाचं मॉडेल पुढं ओढून त्यांनी आतल्या शंखावर बोट ठेवलं.

"म्हणजे त्यांचा मेंदू काळी चारला काळी पाच म्हणून शिकतोय," त्या म्हणाल्या. "सगळा नकाशाच एका स्वरानं सरकतोय. त्यामुळे खऱ्या जगातलं सगळं त्यांना तेवढंच चढं ऐकू येणार. माणसं, घंटा, जुनी गाणी, सगळं. तुमचा आवाजसुद्धा."

"आता?"

"आता लगेच वाद्य शून्यावर आणा. रविवारपर्यंत वेळ आहे, थोडा का होईना. आणि त्यांना सांगा. हे महत्त्वाचं आहे. माहीत नसेल तर त्यांचा मेंदू जुन्यालाच धरून बसेल आणि खऱ्या सुराला बेसूर ठरवेल. त्यांना स्वतःला पटलं पाहिजे की आधीचं चुकीचं होतं."

बाहेर आल्यावर निवास स्कूटरची किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"सांगितलं तर ती गाणं सोडंल," तो म्हणाला. "तिचा शब्द हाय तो. आणि गाणं सोडलं तर ती काय करंल, उत्तम? सकाळी उठून काय करंल?"

"न सांगितलंस तर तुला ओळखायची न्हाई. हे बघ मर्दा, आज सांग. मी येतो पाहिजे तर."

"नको. मी सांगतो. आजच सांगतो."

त्यानं सांगितलं नाही. त्यानं काय केलं ते मला शनिवारी दुपारी फोनवर कळलं, आणि ऐकून त्याला झोडपावं की जवळ घ्यावं ते मला समजेना. सकाळी वहिनी उठायच्या आधी त्यानं कीबोर्ड शून्यावर आणून ठेवला. न सांगताच शिकवावं, असं त्याच्या डोक्यात. वहिनी गायला बसली. पहिला 'सा'च तिला परका वाटला. तिनं दुसऱ्यांदा लावला. 'पैंजण ठेव' सुरू केलं, वरच्या पंचमाशी गेली आणि आवाज फाटला. पुन्हा गेली, पुन्हा फाटला. मग ती गळ्यावर हात ठेवून बसली आणि रडायला लागली. "माझा गळा गेला, निवास. कान आला आणि गळा गेला."

"मग?" मी विचारलं.

"मग मी तिला म्हटलं, कोमट पाण्याच्या गुळण्या करून ये. ती आत गेली."

"आणि?"

"आणि मी कीबोर्डपाशी गेलो."

"आणि तू परत उणे दोन केलंस," मी म्हणालो.

"बघवंना, उत्तम. ती गुळण्या करून आली, गायली, पंचम लागला. इतकी हसली. म्हणाली, घसा धरला होता बघ. मी काय करू? सांग की."

मला खूप बोलायचं होतं. जन्मभर दोन गाण्यांमधल्या मोकळ्या वेळात बडबड करून पोट भरलं मी, पण त्या वेळी 'उद्या भेटू' एवढंच म्हणून फोन ठेवला.

रविवार उजाडला, सप्ताहाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गच्चीवर साउंड चेक होतं. खाली रंकाळ्यावर भेळेचे गाडे लागत होते, गच्चीवर पोरं खुर्च्या मांडत होती. निवास वायरी जोडत होता. त्यानं वहिनीला काहीतरी विचारलं, मॉनिटर स्पीकर जरा पुढं घेऊ का, असलं काहीतरी. वहिनी एकदम मागं सरकली.

"तू बोलू नकोस माझ्याशी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, भीती होती. "खुणेनं सांग. तू बोललास की मला कसंतरी व्हतंय. तोंड तुझं आणि आवाज दुसऱ्याचा. काल रातीला तू झोपेत बोललास आणि मी दचकून उठले. घरात परका माणूस हाय असं वाटलं मला, निवास."

निवासच्या हातातून वायर खाली पडली. तो तिच्यासमोर गेला, आणि खुणेनं नाही, तोंडानं, तिला नको असलेल्या त्या आवाजात त्यानं सगळं सांगून टाकलं. उणे एक कधी केलं, उणे दोन कधी केलं, डॉक्टर काय म्हणाल्या, शनिवारी सकाळी काय झालं. सांगताना तो मध्येच रडला. गिटारवाला आपल्या तारा उगाच पुसत राहिला.

वहिनी सगळं ऐकून घेतल्यावर कीबोर्डपाशी आली. अंबाबाईच्या स्टिकरला तिनं सवयीनं नमस्कार केला आणि मग नखानं त्याचा कोपरा उचलला. स्टिकर जुना होता, निघता निघत नव्हता. तिनं तो न फाडता, सावकाश, पूर्ण काढला. खाली पडद्यावर '-2' होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

देवीचा स्टिकर जमिनीवर टाकायचा कसा? तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि तो माझ्या कोटाच्या खिशावर चिकटवला.

"तुम्हीपण होता ह्यात," ती म्हणाली. "रोज ओरडत होता. काळी पाचची राणी."

"वहिनी, आज न्हाई म्हणत मी ते."

"का? आज म्हणा. आज ते खरं असणाराय." मग निवासकडे न बघता म्हणाली, "शून्य कर."

"वैजू, ऐक..."

"शून्य कर."

गच्ची भरली होती. शेवटचा दिवस, त्यामुळे सगळीकडचे लोक फिरून फिरून आमच्याकडे आले होते. मागच्या बाजूला हिरव्या मनगटांची मोठी रांग होती. मी माईक घेतला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलताना माझी जीभ अडखळली. "काळी पाचची राणी," मी म्हणालो, "वैजयंती मगदूम."

निवासनं सुरावट सुरू केली. चमकदार, चढी, तरुण वाटणारी ती सुरावट ऐकून मला एकदम ते दोघं लग्नाआधी कसे होते ते आठवलं. वहिनीला ती कशी ऐकू येत असेल कोण जाणे. तिनं डोळे मिटले आणि उडी घेतली.

पहिलं कडवं तिनं निभावलं. दुसऱ्यात तिच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. ऐकणाऱ्यांना काहीतरी वेगळं आहे हे कळलं होतं, जेवणं थांबली. शेवटचं कडवं आलं. ती पंचमाकडे निघाली, तिथं पोचली आणि आवाज फाटला. अगदी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा फाटला. निवासची बोटं थांबली. तिनं हातानं खूण केली, चालू ठेव. पुन्हा गेली. पुन्हा फाटला. मी डोळे खाली घातले.

तिसऱ्यांदा ती गेली नाही. उरलेली ओळ तिनं नुसती बोलून दाखवली, शाळेत कविता म्हणतात तशी. मग नमस्कार केला आणि माईक कीबोर्डवर, निवासच्या बोटांशेजारी ठेवला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ज्या टाळ्या तिला नको होत्या, नेमक्या त्याच. त्या वेळी मला त्या सगळ्या सभ्य, चांगल्या माणसांचा मनापासून राग आला.

तिनं आपला शब्द पाळला. त्यानंतर ती स्टेजवर आली नाही. 'नादपंचगंगा'त आता एक नवी मुलगी गाते, बरी गाते. मी तिला कसलीही राणी म्हणत नाही.

आठवडा संपल्यावर डॉक्टरांनी कान तपासला. शेवटच्या दिवशीचं एक गाणं कान सुधारायला पुरलं नव्हतं. स्लॅब वाळला होता. वहिनी आता कुठलाही सूर ऐकून नाव सांगू शकते आणि प्रत्येक नाव एका स्वरानं चुकतं. डॉक्टर म्हणाल्या, पेशी काढून पुन्हा उगवता येतात, पण दुसऱ्या खेपेला सगळ्यांच्याच उगवतात असं नाही. जमलं नाही तर आहे तेही जाईल. तरी निवास तयार होता, हातापाया पडून सांगत होता. वहिनी नाही म्हणाली.

का, ते तिनं मला नंतर सांगितलं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी मी दोन महिने गेलो नव्हतो, जायची हिंमत नव्हती. शेवटी एका दुपारी गेलो. वहिनी खिडकीत बसून मेथी निवडत होती. मला वाटलं होतं ती दारातूनच वाटेला लावेल. ती म्हणाली, "बसा. देवी कुठाय?"

मी खिशातून पाकीट काढून दाखवलं. स्टिकर आत जपून ठेवला होता. ती जराशी हसली.

"भावजी, मी घरात कामं करता करता गुणगुणते," ती म्हणाली. "निघते काळी चार. मला आता माहीत हाय. पण ऐकू येते काळी पाच. अगदी मरेपर्यंत तीच ऐकू येणार. सगळ्या जगात एवढी एकच जागा उरलीय, तिथं मी अजून राणी हाय. ती कशाला मोडू?"

"आणि निवास?"

तिचा मेथीवरचा हात थांबला. "त्याच्यावरचा राग गेला न्हाई माझा. जाईल का ते पण ठाऊक न्हाई. मला न विचारता त्यानं माझं वय लपवलं, माझ्यापासूनच. पण राग आला म्हणून माणूस नको असतो का? मला माझा निवास ऐकू येत नव्हता, भावजी. समोर बसलेला असून. ते लई वाईट होतं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून निवास चहाचे कप घेऊन आला. "ये उत्तम, कधी आलास?" तो म्हणाला, आणि मी चमकलो. घोगरा, जड, विहिरीतून आल्यासारखा आवाज.

"काय रं, सर्दी झालीय का? का ह्या वयात आवाज फुटलाय तुझा?"

कुणी हसलं नाही. निवासनं एक कप मला दिला, एक वहिनीपुढं ठेवला आणि तिच्याकडे बघत त्याच घोगऱ्या आवाजात विचारलं, "साखर पुरं का बघ."

वहिनीनं कप उचलला नाही. डोळे मिटून, मान किंचित कलती करून ती ऐकत होती, वाद्य जुळवताना ऐकतात तशी.

"अजून जरा खाली," ती म्हणाली.

निवासनं घसा खाकरला. छातीत हवा भरून घेतली, आणि तोच प्रश्न, तेच शब्द, आणखी खालून विचारले. "साखर पुरं का बघ."

"हां," वहिनी म्हणाली आणि तिनं डोळे उघडले. "आता आलास."